मुरगळलेला पाय आणि भरलेली उसण: एकाला थंडावा, दुसरीला ऊब

"मॅडम, पाय मुरगळल्या मुरगळल्या गरम पाण्यात मीठ टाकून बुडवून बसले. मग शेजारच्या मावशींनी तेल लावून चांगला रगडून दिला. रात्रभर नुसता ठणका. सकाळी बघते तर चप्पल चढेना."

काकूंनी पाय स्टुलावर ठेवला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड सुजेत पार गडप झालं होतं. टाचेच्या कडेने काळंनिळं खाली उतरलं होतं, पार करंगळीच्या मुळापर्यंत. दुसऱ्या पायाला हात लावला तर तो गार, हा मात्र चांगलाच गरम.

त्याच दिवशी दुपारी एक तरुण शेतकरी आला, कमरेतून डावीकडे कललेला. खताचं पोतं उचलताना उसण भरली होती. क्रिकेटच्या सामन्यात खेळाडूला लागलं की गार फवारा मारतात, हे त्याने पाहिलं होतं. म्हणून तीन दिवस बर्फ लावला, आणि "हलायचं नाही" असं घरच्यांनी बजावल्यामुळे सतरंजीवर सरळ पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला बाथरूमपर्यंत जायला दोघांचा आधार लागत होता.

उपाय दोघांनीही मनापासून केले होते. फक्त काकूंचा उपाय त्या तरुणाला हवा होता आणि त्याचा काकूंना. फिजिओथेरपीच्या कामात मी ही अदलाबदल इतक्यांदा पाहते की एकदा नीट लिहावं असं वाटलं.

गोंधळाचं मूळ थोडं आपल्या बोलण्यातही आहे. पाय लचकतो आणि कंबरही लचकते. शब्द एकच, म्हणून दुखणंही एकच वाटतं आणि हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात.

पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि शरीराचं सगळं वजन घोट्याच्या बाहेरच्या कडेवर येतं. तिथे हाडाला हाड बांधून ठेवणारे तीन पट्टे असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. त्यातला पुढचा सगळ्यात नाजूक, आधी तोच ताणला जातो. कधी त्याचे थोडे धागे तुटतात, कधी पूर्ण पट्टा. आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त आणि पाणी बाहेर झिरपतं. वरून दिसते ती सूज आणि ते काळंनिळं म्हणजे हेच. अशा वेळी गरम पाणी घातलं की रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात. वरून रगडलं तर ताज्या जखमेलाच चोळल्यासारखं होतं. उघड्या जखमेवर कुणी तेल घालून रगडत नाही. ही जखम कातडीखाली असते, म्हणून आपल्याला तिचा विसर पडतो.

उसणीत असं काही फाटलेलं सहसा नसतं. वाकून बादली उचलली, एखादी जोराची शिंक आली, कधी नुसतं मोरीवर वाकून तोंड धुतलं, आणि पाठीचे स्नायू एकदम आवळून बसले. शरीराने स्वतःच्या बचावासाठी घातलेली ती मिठी असते. हात फिरवला तर मणक्याच्या एका बाजूला दोरीसारखा कडक पट्टा लागतो. बाहेरून सूज नाही, काळंनिळं नाही. माणूस मात्र वाकडा झालेला, श्वास घेतानाही जपून घेतो. बहुतेकांच्या एक्स-रेत काहीही सापडत नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहे मग दुखतंय कसं?" असं घरचे विचारतात तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मला बघवत नाही. त्याचं दुखणं खरं असतं. आवळलेला स्नायू एक्स-रेत दिसत नाही, एवढंच.

म्हणून काय लावायचं हे ठरवण्याआधी दुखऱ्या जागेवर हाताचा मागचा भाग टेकवा आणि दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. गरम लागतंय, फुगलंय, रंग बदललाय, तर पहिले दोन दिवस शेक नको आणि चोळणंही नको. नुसतंच आखडलंय, सूज नाही, तर ऊब द्या.

मुरगळलेल्या पायाला घरी काय करायचं? बर्फाचे खडे पंचात किंवा जाड रुमालात गुंडाळून १० ते १५ मिनिटं धरायचे आणि दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ कातडीला थेट लावू नका, कातडी जळते. फ्रिज नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेला पंचाही चालतो. पाय दोन-तीन उशांवर, छातीपेक्षा उंच. खाली लोंबकळत ठेवलेला पाय संध्याकाळपर्यंत सुजणारच. क्रेप बँडेज बोटांच्या बाजूने सुरू करून वर न्यायचं. बोटं निळसर दिसली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करायचं.

बर्फाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच हे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं आणि ते जगभर गेलं. त्याच मर्किननी २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे जखम भरायला उलट उशीर होऊ शकतो, कारण सूज हाही शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. स्वतःचं जगभर गाजलेलं सूत्र असं उघडपणे दुरुस्त करणं मला फार मोलाचं वाटतं. त्यामुळे बर्फाकडे वेदना कमी करण्यापुरतं बघा. एक-दोन दिवस, थोडा थोडा वेळ. आठवडाभर बर्फ लावत बसण्यात अर्थ नाही.

आणि आंबेहळदीचा लेप? आमच्या घरी मुक्या मारावर आजी आंबेहळद आणि तुरटी उगाळायची. कच्च्या कैरीसारखा तो वास अजून नाकात आहे. लेप लावायला माझी हरकत नाही, फक्त पहिल्या दोन दिवसांत तो चुलीवरून उतरवून चटका बसेल असा गरम लावू नका. लेप लावला की पाय आपोआप एका जागी राहतो, कुणी चोळत नाही. निम्मा गुण त्यातच असावा असं मला वाटतं.

मुरगळलेल्या पायाच्या बाबतीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पुढच्या टप्प्याकडे. सूज उतरली, चालता यायला लागलं, की लोक विसरून जातात. मग सहा महिन्यांत तोच पाय पुन्हा मुरगळतो. कारण लिगामेंटमध्ये पाऊल कुठे आहे, किती कललंय याची खबर मेंदूला देणारे तंतू असतात. तेही दुखावलेले असतात. त्यांना पुन्हा शिकवावं लागतं. दोन-तीन दिवसांनी ठणका ओसरला की पाय लांब करून बसा आणि अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा. क, का, कि, की, सगळी. पुढे पायावर भार देऊन दुखेनासं झालं की दात घासताना भिंतीजवळ उभं राहून त्याच एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळा. हे पुढचे सहा ते आठ आठवडे. एवढ्याशा सवयीने पुढची मुरगळ टळते हे मी अनेकांत पाहिलंय. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, पाय गार पडला आणि नुसता ताठरपणा उरला, की कोमट पाण्यात बुडवायलाही हरकत नाही. काकूंचं मीठपाणी चुकीचं नव्हतं, तीन दिवस लवकर झालं होतं.

आता उसण. हिच्यासाठी आपल्या घरांत जे आहे ते खरोखर चांगलं आहे. वाळूची किंवा जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून, निर्गुडीचा पाला वाफवून फडक्यात बांधून, किंवा साधी रबरी गरम पाण्याची पिशवी. १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. मधुमेहामुळे पाय-पाठ बधिर असलेल्यांना चटका कळत नाही, त्यांना शेक घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हाताने तपासून द्यावा. आणि शेकाचा पट्टा लावून झोपी जाऊ नका. त्याने पडलेले फोड मी पाहिलेत. हलक्या हाताने तेल लावलं तरी चालतं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीसाठी जी शिफारस केली, तिच्यात गोळ्यांच्या आधी शेक आणि मालीश यांची नावं आहेत. आजीच्या पुरचुंडीला याहून चांगलं प्रमाणपत्र कुठलं मिळणार?

पण शेकाहून महत्त्वाचं आहे ते उठणं. त्या तरुणाचं सगळ्यात जास्त नुकसान बर्फाने केलं नव्हतं, तीन दिवसांच्या पडून राहण्याने केलं होतं. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहरातल्या १८६ कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, काहींना जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. सगळ्यात लवकर बरे झाले ते तिसऱ्या गटातले. स्नायू आवळलेला असताना न हलणं म्हणजे त्याला तसंच आवळून राहायला सांगणं.

उठायचं कसं, हे मी त्या तरुणाला टेबलावरच करून दाखवलं. उताणं असताना सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवायचे, मग लाकडाच्या ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं. दोन्ही पाय कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने पलंग रेटून वर यायचं. पहिल्यांदा तो कळवळला. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा आधाराशिवाय उभा राहिला आणि दारापर्यंत जाऊन आला. तासातासाला एवढं चाललात तरी पुष्कळ.

खेडोपाडी उसण भरली की अजूनही पायाळू माणसाला बोलावतात. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असा समज. याला गुण येतो असं लोक शपथेवर सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. बहुतेक उसण काही दिवसांत आपली आपण ओसरते. त्या सुमारास जो उपाय झाला असेल त्याला यश मिळतं. नुसता पाय टेकवला तर बिघडत नाही. पण लाथ मारू देऊ नका, आणि म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच नाही. हाडं ठिसूळ झालेली असतील तर मणका खचायला तेवढं पुरतं.

बामबद्दलही थोडं. बाम लावला की गार किंवा गरम लागतं, पण त्वचेखाली खरा बर्फ किंवा खरा शेक पोचत नाही. पुदिन्यातलं मेंथॉल गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या नसांना. याच शोधासाठी डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्या संवेदनेच्या आड मूळ दुखणं जरा मागे पडतं, आणि तेवढा आराम खरा असतो. फक्त बाम चोळून त्याच्यावर लगेच गरम पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. बाटली लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, विंटरग्रीन तेल असलेला बाम पोटात गेला तर विषबाधा होते.

डोकेदुखीतही असाच फरक करावा लागतो. दिवसभर मोबाइलवर मान घालून संध्याकाळी डोकं जड झालं असेल तर मानेला आणि खांद्यांना शेक. अर्धशिशी ठणकत असेल तर बहुतेकांना कपाळावर गार पट्टी आणि अंधारी खोली बरी वाटते.

घरी थांबायचं कधी नाही, हे मात्र पाठ असू द्या. पाय मुरगळल्यावर लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का बघा. येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या वा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, पावलाच्या आतल्या कमानीच्या हाडावर, करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर उठून दिसणाऱ्या हाडावर दाबून जीव कळवळत असेल, तर एक्स-रे काढा. कॅनडात १९९२ मध्ये ओटावाच्या डॉक्टरांनी ठरवलेले हे निकष आजही जगभर वापरतात. कंबरेच्या बाबतीत लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठा. ताप, अकारण घटणारं वजन, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, हेही थांबायचे प्रकार नाहीत.

आणि एक उसण अशी आहे की जिला मी उसण म्हणूच देणार नाही. "छातीत उसण भरली" म्हणत माणसं बाम चोळतात, शेक घेतात, सकाळपर्यंत वाट बघतात. बरगडीच्या स्नायूत कळ येते, ती एका जागी बोट ठेवून दाखवता येते आणि वळलं की वाढते. पण छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत असेल, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घाम फुटला असेल, दम लागत असेल, तर बामची बाटली बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत कळ न येता नुसता घाम, मळमळ, प्रचंड थकवा एवढंच दिसू शकतं. तेव्हाही तोच फोन, आणि गाडी येईपर्यंत माणसाला चालू देऊ नका, जिना उतरू देऊ नका, टेकून बसवून ठेवा.