डायक्लोफेनॅकच्या जोडीला कर्क्युमिन: पार्श्वभूमी

गुडघ्याच्या झिजेवर डायक्लोफेनॅकसोबत हळदीची कॅप्सूल का देतात, हे कळायला आधी डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचा दोष पाहावा लागतो. ही औषधे शरीरातले प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. प्रोस्टाग्लँडिनने सांधा सुजतो, दुखतो. पण जठराचे अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही तेच सांभाळते. म्हणून गुडघा शांत होतो तेव्हा पोट जळू लागते. साठीपुढच्या माणसाला गोळी महिनोन्‌महिने लागते, तिथे हा दोष फार महागात पडतो.

हळदीतला मुख्य सक्रिय घटक म्हणजे कर्क्युमिन. त्याचा सूज उतरवणारा गुण लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्ये मांडला. अडचण निघाली शोषणाची. तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरते. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पिपरिन दिले आणि शोषण सुमारे वीसपट वाढले. तेव्हापासून बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो. स्वयंपाकातली हळद कॅप्सूलची जागा भरून काढत नाही: तिच्यात कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमचाभर हळदीत ९० मिलिग्रॅमच्या आसपास.

बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयाने हळदीचा अर्क थेट आयब्युप्रोफेन या डायक्लोफेनॅकच्याच वर्गातल्या वेदनाशामकाशी ताडून पाहिला. २००९ च्या चाचणीत आयब्युप्रोफेन दिवसाला फक्त ८०० मिलिग्रॅम होते. एवढ्या कमी मात्रेशी बरोबरी साधली, तर त्याचे फार अप्रूप नको. २०१४ मध्ये ते १२०० मिलिग्रॅमवर नेले आणि रुग्ण ३६७ घेतले, म्हणून ती चाचणी अधिक वजनदार. तिथेही अर्क फारसा मागे पडला नाही.

पण ही झाली एकास एक तुलना. दोन्ही एकत्र देण्याचा पुरावा याहून तोकडा आहे. थायलंडमध्ये २०१२ साली डायक्लोफेनॅकला कर्क्युमिनची जोड दिली, तेव्हा ठोस फरक दिसला नाही. भारतात २०२० मध्ये १४० रुग्णांपैकी निम्म्यांना डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि उरलेल्यांना त्याच्यासोबत कर्क्युमिन दिले. जोडीच्या गटात दुखणे अधिक कमी झाले, आम्लनाशकेही कमी लागली. मात्र चाचणी २८ दिवसांची होती आणि कोणाला काय मिळते हे रुग्णांना ठाऊक होते. वेदनेच्या मोजमापात एवढी माहितीसुद्धा आकडा हलवते. शिवाय महिन्याभरात कुर्चेचे काय झाले, हे कळत नाही.

शोषण वाढवण्याची किंमतही आता दिसू लागली आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांनी यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या काहींच्या गोळ्यांत पिपरिन सापडले. डायक्लोफेनॅकही रक्तातली यकृताची एन्झाइम (इजेची खूण) वाढवू शकते, तेव्हा दोन्ही सुरू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना गेली, तर दोन्ही थांबवून यकृताची तपासणी लगेच करावी. पिपरिन इतर औषधांची रक्तातली पातळीही बदलते. फेनिटॉइन (फिट्सचे औषध) किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लेबल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हळदीची कॅप्सूल सुरू करू नये.