बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आणि वधस्तंभावरची लोकं: नाझी राजवटीतल्या चर्चची पार्श्वभूमी

नाझी जर्मनीत आपण ‘आर्य’, म्हणजे ज्यू वंशाचे नाही, हे सिद्ध करायला साधारणपणे सात जन्मनोंदी लागत: एक स्वतःची, दोन आईवडिलांच्या, चार आजीआजोबांच्या. शिवाय लग्नाचे तीन दाखले. अडचण अशी की देशभर सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली 1876 मध्ये. त्याआधीच्या माणसाचा कागद हवा तर चर्चच्या कपाटातली बाप्तिस्म्याची वही काढावी लागे. 7 एप्रिल 1933 च्या कायद्याने ज्यू वंशाच्या सरकारी नोकरांना काढायला सुरुवात झाली आणि गावोगावच्या पाळकांकडे अर्जांचे ढीग लागले. पाळक वही उघडत, नक्कल करत, शिक्का मारत. यात हिटलरला मानणारे पाळक होते, तसे त्याच्याशी भांडणारेही होते. चर्चवर झालेला छळ आणि चर्चने केलेला विरोध दोन्ही खरे आहेत, पण ते समजून घेताना हे कपाट नजरेआड करता येत नाही.

1933 मध्ये जर्मनीत सुमारे चार कोटी प्रोटेस्टंट आणि दोन कोटी कॅथलिक होते. प्रोटेस्टंटांचे एक चर्च नव्हतेच. प्रांताप्रांतांची मिळून 28 चर्चे होती. ती मोडून एकच राष्ट्रीय चर्च करायचे आणि वर एक ‘राइशबिशप’ बसवायचा, अशी योजना होती. तिला आतून हातभार लावणारा, नाझी विचार मानणारा गट म्हणजे ‘जर्मन ख्रिस्ती’. 23 जुलै 1933 ला चर्चच्या निवडणुका झाल्या. आदल्या रात्री हिटलर स्वतः रेडिओवरून या गटाच्या बाजूने बोलला आणि गटाला जवळपास दोन तृतीयांश जागा मिळाल्या. सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेत बरेच सभासद नाझींच्या तपकिरी गणवेशातच येऊन बसले. तिथे ज्यू वंशाच्या पाळकांना काढण्याचा नियम मंजूर झाला. महिनाअखेरीस लुडविग म्युलर हा माजी लष्करी पाळक राइशबिशप झाला.

विरोधाची पहिली गाठ इथेच बसली. बर्लिनमधल्या डालेमचे पाळक मार्टिन नीमोलर यांनी पाळकांचा मदतसंघ काढला. जानेवारी 1934 पर्यंत त्याचे सुमारे सात हजार सभासद झाले. नीमोलर पहिल्या महायुद्धातले पाणबुडीचे कप्तान, कट्टर राष्ट्रवादी. त्यांनी पूर्वी नाझींना मतही दिले होते. त्यामुळे हा लढा लोकशाहीवाद्यांचा होता असे समजू नये. वाद होता तो चर्चमध्ये कोणाचा हुकूम चालणार यावर.

मे 1934 अखेर बार्मेन इथे जमलेल्या धर्मसभेने सहा कलमी घोषणा केली. तिच्यावर प्रामुख्याने स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांचा हात आहे. ख्रिस्ताच्या वचनाखेरीज दुसरा कोणताही प्रकाश, कोणताही नेता चर्चला बांधून ठेवू शकत नाही, हा तिचा गाभा. यातून ‘कबुली मंडळी’ उभी राहिली, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली देणारे चर्च. सहाच्या सहा कलमांत ज्यूंविषयी एक शब्द नाही.

राजवटीचे हत्यार बंदुकीपेक्षा जमाखर्चाची वही हे होते. पाळकांचा पगार चर्चच्या करातून आणि सरकारी अनुदानातून येई. 1935 पासून प्रशियात चर्चच्या तिजोरीवर सरकारने नेमलेले वित्त विभाग बसले. त्याच वर्षी डिसेंबरात कबुली मंडळीला स्वतःच्या परीक्षा घ्यायला आणि पाळकांना दीक्षा द्यायलाही बंदी झाली. तरी पाळक घडवणारी मंडळीची पाच छोटी विद्यालये चालू राहिली. श्टेटिनजवळच्या फिंकेनवाल्डेचे विद्यालय तरुण धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर चालवत. (त्यांना त्याआधी भारतात येऊन गांधीजींच्या आश्रमात राहायचे होते. 1 नोव्हेंबर 1934 च्या पत्राने गांधीजींनी त्यांना बोलावलेही होते. विद्यालयाची जबाबदारी आली आणि तो बेत राहिला.) इथून बाहेर पडणाऱ्या तरुणांना लोक ‘बेकायदेशीर’ म्हणत. परीक्षा अमान्य, म्हणून नेमणूक नाही. नेमणूक नाही, म्हणून पगार नाही आणि राहायला पाळकाचे घरही नाही. ते जगत ते रविवारच्या दानावर. जून 1937 मध्ये सरकारने त्या दानावरच हात घातला: अधिकृत चर्चने न ठरवलेले दान गोळा करणे गुन्हा ठरले. ऑगस्टअखेर पोलीसप्रमुख हिमलरच्या हुकमाने विद्यालयांवर बंदी आली आणि सप्टेंबरात फिंकेनवाल्डेला टाळे लागले. त्यानंतर विद्यार्थी कागदोपत्री खेडोपाडीच्या पाळकांचे मदतनीस झाले आणि शिक्षण पॉमेरेनियातल्या आडगावी 1940 पर्यंत गुपचूप चालले. पण चूल पेटायला हवी. 1938 नंतर अनेकांनी अधिकृत कचेरीकडे अर्ज करून स्वतःला ‘कायदेशीर’ करून घेतले.

उपासनेत एक साधी रीत रुजली होती. अटकेत असलेल्या, बोलण्यावर बंदी असलेल्या, हद्दपार केलेल्या पाळकांची यादी वेदीसमोर वाचायची आणि नावानिशी प्रार्थना करायची. वर्तमानपत्रांत न येणारी बातमी अशी बाकांपर्यंत पोचे. मागच्या बाकावर गेस्टापोचा, म्हणजे गुप्त पोलिसांचा, माणूस वही घेऊन बसलेला असे, तोही ती लिहून घेई. 1937 मध्ये कबुली मंडळीच्या आठशेहून अधिक लोकांना अटक झाली. नीमोलरांना 1 जुलैला पकडले. न्यायालयाने दिलेली शिक्षा कोठडीतच भरून निघाली, तरी सुटकेच्या दिवशी त्यांना थेट झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत नेले आणि 1945 पर्यंत ते छावणीतच राहिले.

फ्रीडरिश वाइसलर यांचे प्रकरण मात्र मंडळीच्या इतिहासात टोचणारे आहे. जून 1936 मध्ये मंडळीने हिटलरला एक गोपनीय निवेदन दिले. त्यात छळछावण्यांचा आणि माणसाला ज्यूद्वेषाची सक्ती करण्याचा स्पष्ट निषेध होता. जुलैत ते परदेशी वृत्तपत्रांत छापून आले. संशय मंडळीच्या कचेरीतले कायदेतज्ज्ञ वाइसलर यांच्यावर गेला. ते जन्माने ज्यू कुटुंबातले, बाप्तिस्मा घेतलेले, न्यायाधीशपदावरून काढलेले. मंडळीच्या नेतृत्वाने त्यांना कामावरून दूर केले आणि हात झटकले. त्यांच्यासोबत आणखी दोघांना झाक्सेनहाउझेनला पाठवले गेले. ते दोघे पुढे सुटले. वाइसलरांना ज्यू म्हणून वेगळे काढले आणि छावणीत पोचल्यापासून आठवडाभरात, 19 फेब्रुवारी 1937 ला, मारहाणीने त्यांचा मृत्यू झाला.

कॅथलिकांची वाट वेगळी होती. त्यांच्यामागे रोम होते आणि हातात करार होता: 20 जुलै 1933 चा कॉन्कॉर्डाट, म्हणजे पोप आणि जर्मन सरकार यांच्यातला तह. त्याच्या 31 व्या कलमाने कॅथलिक संघटनांना संरक्षण दिले, पण कोणत्या संघटना, याची यादी नंतर ठरवायची होती. ती कधीच ठरली नाही. मग ‘ही संघटना धार्मिक नाही’ एवढे म्हटले की युवकसंघ असो वा वृत्तपत्र, बंद करता येई.

पोपचे उत्तर आले ते जर्मन भाषेत लिहिलेल्या परिपत्रकातून. मसुदा म्युनिकचे कार्डिनल फाउलहाबर यांचा, भर व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल पाचेलींची. काम झाले ते असे: मजकूर गुप्तपणे जर्मनीत आणला, टपालावर भरवसा न ठेवता बारा-एक छापखान्यांत सुमारे तीन लाख प्रती छापल्या, आणि त्या सायकलवरून, पायी, हातोहात धर्मग्रामांत पोचवल्या. 21 मार्च 1937, झावळ्यांच्या रविवारी, देशभरच्या व्यासपीठांवरून तो वाचला गेला. गेस्टापोला सुगावा लागला तो अगदी शेवटच्या घटकेला. सूड निघाला तो छापखान्यांवर. यंत्रे जप्त झाली, भरपाई नाही. एप्रिलपासून धर्मगुरूंवरचे अनैतिकतेचे खटलेही पुन्हा गाजवायला घेतले.

लोक उठले की राजवट मागे सरते, हेही दोनदा दिसले. ओल्डेनबुर्गमध्ये 4 नोव्हेंबर 1936 ला शाळांतून क्रूस काढण्याचा हुकूम निघाला. गावागावांतून शेतकऱ्यांची शिष्टमंडळे राजधानीत येऊ लागली. 25 तारखेला क्लोपेनबुर्गच्या सभागृहात हजारो लोकांपुढे गाउलायटर, म्हणजे नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख, रोव्हर वंशावर बोलू लागला, तर लोकांनी त्याला मुद्द्यावर यायला भाग पाडले आणि शेवटी हुकूम मागे घेतल्याचे त्यालाच सांगावे लागले. दुसरा प्रसंग म्युन्स्टरचा. बिशप फॉन गालेन यांनी 3 ऑगस्ट 1941 च्या उपदेशात राजवटीने चालवलेल्या मनोरुग्णांच्या हत्येला खून म्हटले. प्रती घरोघरी फिरल्या. पक्षातल्या काहींना त्यांना फासावर चढवायचे होते. प्रचारमंत्री गोबेल्सला भीती वाटली की तसे केले तर युद्धकाळात म्युन्स्टरभोवतीचा अख्खा वेस्टफालिया हातचा जाईल. 24 ऑगस्टला हिटलरने विषारी वायूची ती मोहीम थांबवली. तोवर तिने 70 हजारांहून अधिक बळी घेतले होते आणि पुढेही उपासमारीने व इंजेक्शनने माणसे मारली जातच राहिली. गालेनना हात लागला नाही, पण त्यांचे उपदेश वाटणाऱ्या ल्युबेकच्या तीन कॅथलिक धर्मगुरूंचा आणि त्यांच्या प्रोटेस्टंट सोबत्याचा 10 नोव्हेंबर 1943 ला शिरच्छेद झाला.

ज्यूंसाठी असा एकत्र आवाज उठला नाही. उठले ते सुटे. बर्लिनच्या कॅथेड्रलमध्ये बर्नहार्ड लिख्टेनबेर्ग नोव्हेंबर 1938 पासून रोज संध्याकाळी ज्यूंसाठी उघड प्रार्थना करत. 1941 मध्ये त्यांना पकडले. दाखाउच्या छळछावणीत नेताना वाटेत 1943 मध्ये ते वारले. हाइनरिश ग्र्युबर यांची कचेरी ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांना देशाबाहेर जायला मदत करी. 1940 अखेर गेस्टापोने ती बंद केली.

दाखाउच्या नोंदींत 2,720 धर्मगुरू-पाळक आहेत. त्यांतले 1,780 पोलंडचे. तिथे मरण पावलेल्या 1,034 पैकी 868 पोलिश. देशातल्या बिशपला न लावलेला हात पोलंडमधल्या खेड्यातल्या धर्मगुरूवर कसा पडला, ते या आकड्यांत दिसते.

ऑक्टोबर 1945 मध्ये जर्मन प्रोटेस्टंट नेत्यांनी, नीमोलरही त्यांत, श्टुटगार्टला अपराधाची कबुली दिली. तीतही ज्यूंचा उल्लेख नव्हता. त्याच सुमारास पाळकांच्या कचेऱ्यांत पुन्हा रांगा लागल्या. नाझीमुक्तीच्या चौकशीपुढे ठेवायला लोकांना चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता. लोक त्याला एका धुण्याच्या पावडरीवरून ‘पेर्झिलचा दाखला’ म्हणत. पाळकांनी तोही लिहून दिला, शिक्का मारून.