रागाखालची कॉर्ड : नव्या पॉप गाण्याची पार्श्वभूमी

पुण्यातील तरुण गायक-गायिकांच्या ज्या नव्या गाण्यांची सध्या चर्चा आहे, त्यांत ख्यालाची तालीम स्पष्ट ऐकू येते, पियानोवर जॅझच्या भरगच्च कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजवलेले स्वरसमूह, असतात आणि गाणे सहसा चार मिनिटांच्या आत संपते. विशी-पंचविशीतील अशी एखादी गायिका एकीकडे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असे करत विशारदपर्यंत पोहोचलेली असते, दुसरीकडे लंडनच्या संस्था घेतात त्या पियानोच्या ग्रेड परीक्षा दिलेली असते आणि स्वतः रचलेले गाणे घरच्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करते. अशा गाण्यांचे कौतुक करताना ‘प्रथमच’ हा शब्द फार सढळपणे वापरला जातो, आणि तो बरोबर नाही, कारण मिश्रण जुनेच आहे. नवे म्हणायचे तर एवढेच की राग कोणता आणि त्याखाली कॉर्ड कोणती, हे दोन्ही निर्णय आता एकच व्यक्ती घेऊ लागली आहे. हे घडायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर बऱ्याच अंशी १९४० मधील एका सरकारी निर्णयात आहे.

जॅझ मुंबईत स्थिरावला तो १९३० च्या दशकात, मोठ्या हॉटेलांतील नाचाच्या बँडबरोबर, आणि चर्चमध्ये नोटेशन वाचायला शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी तो लगेच आत्मसात केला. हेच वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) या एकाच चित्रपटात नाचाच्या बँडचा थाट आहे आणि रागदारीच्या वळणाची अंगाईही आहे. मात्र कामाची वाटणी ठरलेली होती. संगीतकार पेटीवर चाल बांधी आणि गायकाला शिकवी. त्या चालीखाली कोणती कॉर्ड लागायची ते अरेंजर, म्हणजे वाद्यवृंदाची मांडणी लिहिणारा, ठरवी, आणि रागाशी त्या कॉर्डचे जमते की नाही, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नसे. शंकर-जयकिशन यांनी १९६८ मध्ये अकरा रागांवर जॅझची तबकडी काढली, तेव्हाही ही विभागणी कायम राहिली. १९७० च्या दशकात निघालेल्या ‘शक्ती’ या वाद्यमेळाने जगभर नाव मिळवले, पण तिथे हार्मनी, म्हणजे कॉर्डची साखळी, जवळजवळ बाजूला ठेवून राग, ताल आणि उत्स्फूर्त वादन यांवर भर दिलेला होता. रागाखाली कॉर्ड लावण्याचा अवघड प्रश्न त्यामुळे सुटला नाही. तो टाळला गेला.

पुण्यात तर हे दोन प्रवाह शहराच्या दोन भागांत वाहत होते. कॅम्पात चर्चचे कॉयर, पियानो आणि लंडनच्या परीक्षा. पेठांत घराणी, १९३२ मध्ये सुरू झालेले गांधर्व महाविद्यालय आणि १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव. पेठांतल्या संगीतात पाश्चात्त्य वाद्य नव्हते असे मात्र नाही. १८८० मध्ये पुण्यातच ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, त्यानंतरच्या दशकांत पायपेटी म्हणजेच ऑर्गन मराठी नाटकाचा अविभाज्य भाग झाला, आणि हातपेटी तर घरोघरी पोहोचली. जुन्या पुणेरी घरात कपाटावर ठेवलेली, भात्याच्या कापडाला ठिगळ लावलेली पेटी आजही सापडते.

याच पेटीला सरकारी ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून बंदी घातली. आक्षेप दोन होते. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही, हा पहिला. आणि पेटीचे स्वर पाश्चात्त्य पद्धतीने सारख्या अंतरावर कापलेले असल्याने ते रागाचे स्वर नव्हेत, हा दुसरा. रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारखे थोर लोकही विरोधकांत होते आणि रेडिओतील युरोपीय संगीताचा विभाग सांभाळलेल्या एका इंग्रज संगीतकाराने या वाद्यावर कठोर टीका केलेली होती. एका पाश्चात्त्याने पाश्चात्त्य वाद्यावर हरकत घ्यावी आणि महाराष्ट्रातील गवयांनी तेच वाद्य उराशी धरून बसावे, हा या प्रकरणातला विशेष आहे.

आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. तानपुरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर हा गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो आणि पेटीचा किंवा पियानोचा गंधार ४०० सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक द्रुत तानेत कोणाला जाणवत नाही, पण विलंबित यमनात गायिका गंधारावर थांबली की पेटीचा स्वर किंचित चढा लागतो, आणि तयार कानाला ते खटकते. पंचमाच्या बाबतीत हा फरक जेमतेम दोन सेंटचा असल्याने तिथे भांडण नाही. यावर उपाय शोधण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले. १९१० च्या सुमारास सांगलीचे देवल आणि क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीश बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातील बावीस सूक्ष्म स्वरांच्या, पेटीच्या मागे लागले होते, आणि तशा पेट्या अलीकडच्या काळातही तयार झाल्या आहेत.

तरीही बंदी हा या प्रश्नावरचा उपाय नव्हता. स्वरांच्या सूक्ष्म अंतराचा वाद विद्वानांनी आणि गवयांनी बैठकीत सोडवायचा. तो फतवा काढून मिटवला गेला, तोही देशभरातील कलावंतांना मान्यता आणि मानधन देणाऱ्या माध्यमाकडून. बंदीमुळे साथीच्या सारंगीला तीस वर्षे आधार मिळाला, असे तिचे समर्थक सांगतात आणि ते खरेही आहे. पण त्याबरोबर एक दुसरी गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. शास्त्रीय म्हणजे केवळ सुरावट, आणि स्वरसमूह किंवा कॉर्ड आली की ते सुगम किंवा फिल्मी, अशी वाटणी श्रोत्यांच्या मनात पक्की झाली. चित्रपटगीतांवर १९५२ नंतर आलेले निर्बंध श्रोत्यांनी रेडिओ सिलोनकडे वळून निकालात काढले. पेटीबाबत तसा पर्याय रेडिओवर गाणाऱ्यांपुढे नव्हता. १९७१ मध्ये साथीपुरती मुभा मिळाली तोवर एक पूर्ण पिढी या वाटणीत वाढलेली होती. पुण्यातील खासगी बैठकींत पेटी कधी बंद झालीच नाही, हा भाग वेगळा. श्रुतींच्या शुद्धतेबद्दल आग्रही असणारे गायकसुद्धा आपली पट्टी ‘काळी एक’ किंवा ‘काळी चार’ अशीच सांगतात, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांवर बोट ठेवूनच, आणि यात कोणालाही विसंगती वाटत नाही.

राग आणि कॉर्ड यांच्यातली दुसरी अडचण श्रुतींपेक्षा मोठी आहे. रागात षड्ज अढळ असतो आणि प्रत्येक स्वराचा अर्थ त्याच्याशी असलेल्या नात्यावर ठरतो. जॅझमध्ये कॉर्ड बदलली की जमीनच सरकते; मघाचा रिषभ पुढच्या मात्रेला पंचमासारखा ऐकू येऊ लागतो. म्हणून नवे रचनाकार राग निवडतानाच सावध असतात. किरवाणी पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनर या स्वरश्रेणीशी जुळतो, यमनातील तीव्र मध्यम जॅझवाल्यांना लिडियन या स्वरश्रेणीतून परिचित आहे, चारुकेशीला कॉर्ड्स सहज मानवतात. मारवा किंवा श्री यांच्या वाटेला फारसे कोणी जात नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे.

सर्वांत चांगले उदाहरण जोगचे. या रागात आरोहात शुद्ध गंधार लागतो, तर अवरोहात मध्यमावरून शुद्ध गंधाराला स्पर्श करून, पुन्हा मध्यमावर येत कोमल गंधारावरून षड्जावर उतरायचे असते, आणि निषाद कोमल असतो. ब्लूजमध्येही दोन्ही गंधारांची अशीच ओढाताण चालते. काळी एकच्या षड्जावर पियानोवर सा, शुद्ध ग, प, कोमल नि आणि सर्वांत वर कोमल ग असे पाच स्वर एकदम दाबले, तर जॅझ आणि रॉकमध्ये वारंवार ऐकू येणारी एक कर्कश, मोहक कॉर्ड तयार होते, आणि तिच्यातले पाचही स्वर जोगचे असतात. मात्र पियानोवर दोन्ही गंधार एकाच क्षणी वाजतात, तर गायिकेने ते क्रमानेच घ्यायचे असतात. कॉर्ड आधी वाजली तर कोमल गंधाराच्या येण्यातली सगळी उत्सुकता संपते. ज्या गायिकेने जोगची तालीम घेतली आहे ती ही कॉर्ड अवरोहापर्यंत राखून ठेवते. अरेंजरने वेगळ्या खोलीत बसून लिहिलेल्या कॉर्डमध्ये हे भान येणे कठीण होते.

अलीकडच्या घडामोडी दाट आहेत. लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण शक्य झाल्याने अरेंजर आणि स्टुडिओ यांचा खर्च गळून पडला. २०१० मध्ये पुण्यात स्वतंत्र रचनाकारांचा मोठा खुला महोत्सव सुरू झाला आणि स्वतःची गाणी गाणाऱ्यांना दरवर्षीचे व्यासपीठ मिळाले. ध्वनिक्षेपकांवरील २००० च्या नियमांमुळे खुल्या मैदानावरील कार्यक्रम रात्री दहाला थांबू लागले; वर्षातील मोजक्या दिवशी बारापर्यंत मिळणारी सवलत सोडली, तर सवाईच्या रात्रभराच्या मैफलीही इतिहासजमा झाल्या, आणि आजच्या विशीतल्या गायिकेने उत्तररात्रीचा राग त्याच्या वेळी, समोर बसून ऐकलेला असण्याची शक्यता फार थोडी आहे. तिचा रागाशी परिचय मुख्यतः गुरूच्या खोलीत आणि हेडफोनवर झालेला आहे, हे तिची गाणी ऐकताना ध्यानात ठेवावे.

४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिसच्या ग्रॅमी समारंभात चेलो आणि पियानो शिकलेल्या, जॅझच्या जुन्या ढंगात स्वतःची गाणी गाणाऱ्या आइसलँडच्या चोवीस वर्षांच्या गायिकेला पारंपरिक पॉप गायनाच्या विभागात पुरस्कार मिळाला, आणि त्याच समारंभात ‘शक्ती’च्या नव्या अल्बमला जागतिक संगीताच्या विभागात. दोन्हींत जॅझ भरपूर आहे, पण दोन्ही पुरस्कार जॅझच्या विभागाबाहेरचे. पुण्यातील तरुण मंडळींनी या दोन्ही बातम्या सारख्याच उत्साहाने वाचल्या, आणि तेव्हापासून आपल्या गाण्याला कोणत्या रकान्यात घालायचे, याची त्यांची चिंता कमी झाल्याचे दिसते.

श्रुतींचा जुना वाद मात्र संपलेला नाही. तो संगणकात शिरला आहे. स्वर दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहेत आणि ती सहसा पियानोचेच बारा स्वर प्रमाण धरतात. दुरुस्तीचा वेग जास्त ठेवला की दरबारीच्या आंदोलित, म्हणजे हेलकावणाऱ्या, गंधाराला ती चूक समजून सपाट करतात, आणि मींडेच्या पायऱ्या होतात. १९४० मध्ये पेटीवर घेतलेले दोन्ही आक्षेप इथे जसेच्या तसे लागू पडतात, फरक इतकाच की या वेळी बंदी घालणारे कोणी नाही. जाणकार गायिका मुख्य सुरावटीवर ही दुरुस्ती लावू देत नाहीत आणि मागच्या आवाजांपुरतीच ती ठेवतात. पियानोचा गंधार टाळण्याचा उपायही सोपा आहे : वादकाने कॉर्डमधून गंधार गाळायचा, सा, रे आणि प एवढेच वाजवायचे, आणि गंधार गळ्याने लावायचा, तानपुऱ्याला जुळेल तिथे.