दोन पीडीएफ जोडल्या की खांबांवरचे आकडे बदलावे लागतात

आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्सचं, म्हणजे बिल्डरने करून दिली नाही म्हणून जमीन सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं, काम चालू आहे. वकिलांनी सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये मागितले. करारनाम्याचं स्कॅन, मंजूर नकाशा, ठरावाची प्रत आणि डिजिटल सहीचा सातबारा, असं सगळं आमच्या सेक्रेटरींनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ‘मर्ज’ करून घेतलं. दोन दिवसांनी वकिलांचा फोन आला, “सातबाऱ्यावर सही कुठाय?” सहीचा चौकोन तर दिसत होता, पण सॉफ्टवेअर म्हणत होतं की या फाईलवर सहीच नाही.

“झेरॉक्सवाल्या पोरानं घोळ घातला,” सेक्रेटरी म्हणाले. पोराचा काहीच दोष नव्हता. पीडीएफ जोडणं म्हणजे कागदांना टाचणी मारणं, असं आपण सगळेच धरून चालतो, त्यातला हा घोळ.

साधी टेक्स्ट फाईल असती तर एकीच्या मागे दुसरी ठेवून भागलं असतं. पीडीएफचं तसं करून बघा. मी केलं. नवी फाईल दोघींच्या बेरजेइतकी मोठी झाली आणि उघडली तर फक्त दुसरीच दिसली. पहिली आत होती, पण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

काही लोक वर्तमानपत्र मागच्या पानावरून, क्रिकेटपासून वाचायला घेतात. पीडीएफ उघडणारं सॉफ्टवेअर त्यांच्याच जातीचं. ते आधी शेवटाकडे जातं. तिथे एक आकडा असतो, तो सांगतो की अनुक्रमणिका फाईलच्या सुरुवातीपासून अमुक बाइटवर आहे. (बाइट म्हणजे फाईलची लांबी मोजायचं छोटं एकक.) मग अनुक्रमणिका सांगते की १ नंबरची वस्तू अमुक बाइटवर, २ नंबरची तमुक बाइटवर. वस्तू म्हणजे एखादं पान, एखादा फाँट, एखादं चित्र. पानाच्या वस्तूत लिहिलेलं असतं, ‘माझा मजकूर ७ नंबरात, फाँट ९ नंबरात’. सगळा कारभार असा नंबरांवर चालतो. अनुक्रमणिका शेवटी का? कारण कुठली वस्तू कुठे पडली हे सगळं लिहून झाल्यावरच कळतं.

लोकलच्या दारात उभं राहिलात तर ओव्हरहेड वायर पेलणाऱ्या खांबांवर आकडे दिसतील: सीएसएमटीपासून कितवा किलोमीटर आणि त्यातला कितवा खांब. ठाणं सुमारे ३४ किलोमीटरवर. अनुक्रमणिकेतले आकडे अगदी असेच असतात, शून्यापासून मोजलेलं अंतर. आता ठाण्याहून सुटणारी, ठाण्यापासून शून्य मोजणारी दुसरी मार्गिका या मार्गिकेचाच पुढचा भाग ठरवायची असेल, तर तिच्या प्रत्येक खांबावर ३४ मिळवून नवा आकडा रंगवावा लागेल. एक खांब जरी चुकला, तरी दुरुस्तीची गाडी भलत्याच जागी जाऊन उभी राहील.

शिवाय नंबरांची टक्कर. प्रत्येक पीडीएफमध्ये १ नंबरची वस्तू असतेच, जसा ए विंगमध्येही फ्लॅट १०१ आणि बी विंगमध्येही १०१. पहिल्या फाईलमध्ये ४० वस्तू असतील तर दुसरीतली १ नंबरची ४१ होते, ७ नंबरची ४७. आणि जिथे जिथे कुणी ७ नंबराकडे बोट दाखवलं आहे, तिथे ४७ करावं लागतं. मात्र मजकुरात ‘फ्लॅट नं. ७’ लिहिलं असेल तर त्याला हात लावायचा नाही! मग पानांची नवी यादी आणि अगदी शेवटी नवी अनुक्रमणिका.

इथे मला राहवत नाही, म्हणून थोडं खोलात. जुन्या पद्धतीच्या अनुक्रमणिकेत प्रत्येक नोंद बरोब्बर २० बाइटांची असते. १० अंकी अंतर, मोकळी जागा, ५ अंकी पिढी-क्रमांक (तो नंबर कितव्यांदा वापरात आलाय ते), मोकळी जागा, वस्तू वापरात आहे की रिकामी हे सांगणारं एक अक्षर, आणि ओळ संपल्याच्या खुणेचे दोन बाइट. सगळ्या नोंदी सारख्या लांबीच्या, म्हणून ५०० नंबरच्या वस्तूची नोंद हवी तर आधीच्या वाचायच्या नाहीत, ५०० गुणिले २० करून थेट तिथे उडी. शून्य नंबरची वस्तू कायम रिकामी आणि तिचा पिढी-क्रमांक ६५५३५, म्हणजे दोन बाइटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या. अडोबीने हा साचा १९९३ मध्ये आणला, २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. मधल्या काळात अनुक्रमणिका दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवायची नवी पद्धत आली, पण मला ही जुनीच आवडते. नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी वाचता येते.

आता सही. डिजिटल सही म्हणजे सहीचं चित्र नव्हे. सहीची स्वतःची जागा सोडून फाईलच्या प्रत्येक बाइटवरून एक ठसा काढतात आणि तो सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बांधतात. एक बाइट बदलला की ठसा जुळत नाही. वर पाहिलंच की जोडताना नंबर बदलतात, अंतरं बदलतात, अनुक्रमणिका नवी होते. सही टिकणार कशी? चौकोनाचं चित्र तेवढं मागे उरतं.

झेरॉक्सवाल्याचं एक म्हणणं, “काका, मर्ज केलं की साइज कमी होते.” होत नाही. ए-४ पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, रंगीत स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ ठिपके, प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे न दाबता सुमारे २६ एमबी. ते कमी होतं चित्र दाबल्यामुळे. काही सॉफ्टवेअर जोडता जोडता गुपचूप दाबतातही, आणि मग नकाशावरचे बारीक आकडे पुसट होतात. त्याच्या स्क्रीनवर ‘एआयच्या ताकदीने मर्ज’ अशी जाहिरात झळकत होती. नंबरांत ४० मिळवायला एआय कशाला हवं, बेरीज पुरते. स्कॅनरवर लिंबू-मिरचीही लटकत होती, कागद अडकू नये म्हणून. कागद अडकतो तो पावसाळी दमटपणाने आणि झिजलेल्या रबरी रोलरने. लिंबू सरबताला द्यावं, रोलर बदलावा.

जोडण्यासाठी फाईल कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावर चढवायचीही गरज नसते. क्यूपीडीएफसारखी फुकट सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर हे क्षणात करतात, आधारकार्ड घराबाहेर जात नाही.

सातबाऱ्यावर तोडगा निघाला. पीडीएफच्या पोटात दुसरी फाईल जशीच्या तशी, एकही बाइट न हलवता, जोडपत्र म्हणून ठेवता येते. बाकीचे कागद मर्ज केले, सातबारा जोडपत्र म्हणून आत ठेवला. वकिलांनी तो बाहेर काढून तपासला, सही जागेवर.

सेक्रेटरींनी मग विचारलं, “आणि प्रिंट काढली तर?” कागदावर बाइट नसतात हो, म्हटलं. तिथे चौकोनाचं चित्रच येणार. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग मी कपाटात पाच प्रती लॅमिनेट करून ठेवल्यात त्या कसल्या?”