कॅन्सरच्या पेशंटला समजावून सांगायचं कोणी?

विदर्भातले आणि छिंदवाडा-बालाघाटकडचेही कॅन्सरचे पेशंट नागपूर गाठतात. सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, आता जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. उपचारांची सोय पूर्वीपेक्षा नक्कीच वाढली. पण ‘मला नेमकं काय झालंय आणि पुढे काय होणार’ हे पेशंटला निवांत सांगणारं माणूस आजही सहज भेटत नाही.

पूर्वी न सांगणं हीच रीत होती, आणि ती फक्त आपल्याकडे नव्हती. शिकागोच्या एका रुग्णालयात 1961 साली डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा शंभरातले नव्वद जण म्हणाले की पेशंटला कॅन्सर असल्याचं सहसा सांगू नये. 1979 मध्ये अमेरिकेतच असे प्रश्न पुन्हा विचारले, तर सत्त्याण्णव टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधल्या काळात उपचार सुधारले होते आणि पेशंटचा हक्कही मान्य होऊ लागला होता. आपल्याकडे मात्र अजूनही पेशंटच्या मागे उभा राहून मुलगा डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावतो, ‘बाबांपुढे नको’. त्यामागे माया असते. तरी ज्याच्या तोंडावर शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यालाच ठाऊक नसावं हे मला पटत नाही.

1985 साली ब्रिटनमध्ये स्वतः कॅन्सरशी झुंजणाऱ्या डॉक्टर व्हिकी क्लेमंट-जोन्स यांनी ‘बॅकप’ ही संस्था काढली. तिथे फोनवर उत्तरं द्यायच्या त्या प्रशिक्षित नर्स. जोडीला साध्या भाषेतल्या पुस्तिका. त्याच पुस्तिका मुंबईच्या ‘जासकॅप’ने मराठीसह भारतीय भाषांत आणल्या. पुस्तिका मराठीत आल्या, पण फोनपलीकडची नर्स काही आली नाही.

आपला राष्ट्रीय कॅन्सर कार्यक्रम 1975 चा, नागपुरातली कॅन्सर नोंदणी 1980 पासूनची. त्यातून पेशंट मोजले जाऊ लागले. समजावून सांगण्याचं काम मात्र ओपीडीच्या गर्दीतल्या डॉक्टरवर, नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांवर राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात बजावलं की संमती घ्यायची तर आधी पुरेशी माहिती द्यावी लागते. पेशंटशी बोलायचं कसं, हा एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाचा भाग व्हायला 2019 उजाडलं.

माहिती न मिळाल्याचा फटका खर्रा खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेल्या पेशंटमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. खर्रा म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना; तो वर्षानुवर्षं गालात. मग तोंड उघडेनासं होतं, जखम भरत नाही. रेडिएशन सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, पाणीही गिळवत नाही. हे आधी सांगितलेलं नसेल तर पेशंटला वाटतं, उपचारानेच बिघडलं, आणि तो गावी निघून जातो. रेडिएशनमध्ये खंड पडला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. मीठ आणि खायच्या सोड्याच्या गुळण्या करा, पातळ खा, वजन उतरलं तर लगेच या, पण खाडा करू नका: एवढं सांगायला नर्सला दहा मिनिटं पुरतात.

त्या दहा मिनिटांसाठी माणूस नेमलेलं लागतं. सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतात, पण योजनांच्या कागदपत्रांतच त्यांचा दिवस जातो. केंद्र सरकारच्या 2016 च्या कॅन्सर तपासणी आराखड्याने तिशीपुढच्यांची माहिती भरायला आशाताईंना घरोघरी पाठवलं. संशयित सापडल्यावर नागपुरात कुठल्या विभागात जायचं आणि तिथे काय होईल, हे त्यांना कुणी नीट शिकवलं तर गावातच अर्धी भीती जाईल. आणि डिस्चार्ज कार्डावरच्या सूचना मराठीत, छिंदवाड्याच्या पेशंटला हिंदीत, लिहून मिळायलाच हव्यात.