खासगी पार्किंगची नोटीस: पैसे ड्रायव्हरने द्यायचे की कीपरने?

इंग्लंड आणि वेल्समध्ये आमच्याकडून गाडी विकत किंवा भाड्याने घेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला यातला कायदा लागू नाही.

पाकीट उघडल्यावर आधी पत्र कोणाचे आहे ते बघा. काउन्सिलची असते ती पेनल्टी चार्ज नोटीस आणि खासगी कंपनीची पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींना लोक ‘पीसीएन’च म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. काउन्सिलच्या नोटिशीत गाडी कोणी लावली याला महत्त्व नसते, जबाबदारी मालकाची, म्हणजे बहुधा रजिस्टर्ड कीपरची (सरकारी नोंदीत गाडी ज्याच्या नावावर असते तो). खासगी कंपनीचे म्हणणे वेगळे असते: बोर्डावरच्या अटी वाचून गाडी लावली म्हणजे करार झाला. हा करार गाडी लावणाऱ्या ड्रायव्हरशी होतो, लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) नाव असलेल्याशी, म्हणजे कीपरशी नाही.

तरीही पत्र कचऱ्यात टाकू नका. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मोफत मुदतीपेक्षा ५६ मिनिटे जास्त गाडी उभी राहिली, म्हणून लावलेला ८५ पाउंडांचा चार्ज सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये योग्य ठरवला. ‘खासगी चार्ज कोर्टात टिकत नाही’ असे तेव्हापासून म्हणता येत नाही.

कीपरवर जबाबदारी कधी येते

प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२ या कायद्याने खासगी जमिनीवर गाडीला जॅमर लावायला बंदी घातली. त्याच कायद्याच्या शेड्यूल ४ ने (चौथ्या परिशिष्टाने) कंपन्यांना कीपरकडून वसुलीची वाट दिली, पण अटी घालून. त्यातली सर्वांत महत्त्वाची अट तारखेची.

काचेवर तिकीट लावले नसेल (कॅमेऱ्याच्या पार्किंगमध्ये बहुधा असेच असते), तर कीपरची नोटीस पार्किंग संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांत मिळायला हवी. पोस्ट केल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी ती मिळाली असे कायदा धरतो. समजा गाडी ३ मार्च २०२५ ला लावली होती. मुदत १७ मार्चला संपते. पत्र गुरुवारी, १३ तारखेला पोस्ट झाले तर ते सोमवारी १७ ला मिळाले असे धरतात, म्हणजे वेळेत. शुक्रवारी १४ ला टाकले, तर मंगळवार १८ उजाडतो आणि या कायद्याखाली कीपरला धरता येत नाही. म्हणून पाकीट फाडून टाकू नका, पत्रासोबत ठेवा.

काचेवर तिकीट लावले असेल तर हिशेब बदलतो. कीपरची नोटीस तिकिटानंतर २९ व्या ते ५६ व्या दिवसाच्या दरम्यान यायला हवी.

तारीख बरोबर असली तरी मजकूर तपासा. गाडीचा नंबर, जागा, पार्किंगचा कालावधी आणि पैसे कोणाला द्यायचे हे त्यात हवे. शिवाय, २८ दिवसांत पैसे आले नाहीत आणि ड्रायव्हरचे नाव-पत्ता कळला नाही तर कीपरकडून वसुली करता येईल, हा इशारा हवाच. जमीनही बघावी लागते. सार्वजनिक रस्ता, काउन्सिलचे पार्किंग, तसेच स्वतःचे पार्किंगचे बायलॉज (कायद्याने केलेले स्थानिक नियम) असलेली विमानतळाची किंवा रेल्वेची जमीन या शेड्यूलमध्ये येत नाही. पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेला होतात तर हे आधी तपासा.

उत्तर कसे लिहायचे

गाडी कोण चालवत होते हे खासगी कंपनीला सांगण्याचे कायदेशीर बंधन कीपरवर नाही. (पोलिसांनी विचारले तर सांगावेच लागते, तो कायदा वेगळा.) पण अपिलात ‘मी दहाच मिनिटे थांबलो होतो’ असे एक वाक्य गेले की तुम्ही स्वतःच ड्रायव्हर ठरता आणि तारखेची चूक काही कामाची राहत नाही. ‘मी या गाडीचा कीपर आहे’ एवढ्यावर थांबा आणि मुद्दे मांडा. खोटे नाव मात्र कधीही देऊ नका. दुसरे कोणी चालवत होते आणि तुम्हाला सांगायचे असेल, तर त्यांचे पूर्ण नाव आणि चालू पत्ता कळवा, नुसते नाव चालत नाही.

आधी कंपनीकडे अपील करायचे. ते फेटाळले तर कंपनी ज्या व्यावसायिक संघटनेची सदस्य असेल त्यानुसार पोप्ला किंवा आयएएस या अपील ऐकणाऱ्या संस्थेकडे जाता येते. चूक खरोखर आपलीच असेल आणि नोटीसही बिनचूक असेल, तर सवलतीत पैसे भरून मोकळे व्हा असेच आम्ही सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पार्किंग कंपन्यांच्या संघटनांच्या आचारसंहितेत कमाल चार्ज १०० पाउंड आहे आणि १४ दिवसांत भरल्यास निदान ४० टक्के सूट मिळते. पैसे भरले की अपील संपले. पुढे वसुली एजन्सी रक्कम वाढवून मागते, पण शेड्यूल ४ खाली कीपरकडून नोटिशीत लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त चार्ज घेता येत नाही. कोर्टाचा खर्च वेगळा.

गाडी आमच्याकडून भाड्याने असेल तर

कीपर आम्ही असतो, त्यामुळे पहिली नोटीस आमच्याकडे येते. आम्ही २८ दिवसांत तीन कागद पाठवतो: गाडी तुमच्याकडे होती असे आमच्या सहीचे निवेदन, भाडेकराराची प्रत आणि पार्किंगची जबाबदारी मान्य करणाऱ्या तुमच्या सहीच्या कागदाची प्रत. त्यानंतर २१ दिवसांत कंपनीने तुम्हाला नोटीस द्यायची असते, या कागदांच्या प्रतींसह. प्रती नसतील तर अपिलात तोच मुद्दा पहिला घ्या.

पत्ता

घर बदलले की लॉगबुकवरचा पत्ता लगेच बदलून घ्या. कंपन्यांना पत्ता डीव्हीएलएकडून (गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून) तोच मिळतो. लेटर ऑफ क्लेमला (दावा लावण्याआधी येणाऱ्या इशाऱ्याच्या पत्राला) उत्तर द्यायला ३० दिवस असतात. कोर्टाचा क्लेम फॉर्म इश्यू डेटनंतर पाचव्या दिवशी मिळाला असे धरतात आणि तेव्हापासून १४ दिवसांत पोच द्यायची असते. पोच वेळेत दिली तर बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. हे सगळे जुन्या घरी जात राहिले तर तुमच्या नकळत तुमच्याविरुद्ध निकाल लागतो. महिनाभरात पूर्ण पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षे नोंदीत राहतो आणि मॉर्गेजच्या वेळी आडवा येतो. असा निकाल आल्याचे उशिरा कळले, तर तो रद्द करण्याचा अर्ज कोर्टात लगेच करा, दिवस घालवू नका.