मनगटाचं फ्रॅक्चर: प्लेट, प्लास्टर आणि दोन मिलिमीटर

मनगटाच्या फ्रॅक्चरला प्लेट बसवायची की प्लास्टरवर भागवायचं, हा वाद आजच्या रूपात जेमतेम पंचवीस वर्षांचा आहे. त्याआधी तो फारसा रंगत नव्हता, कारण भरवशाची प्लेटच हाताशी नव्हती.

जुना इतिहास थोडक्यात. सुश्रुतसंहितेत सांधा निखळणं आणि हाड मोडणं यांची वेगळी वर्गवारी आहे. बांबूच्या आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधायलाही सांगितलं आहे. युरोपात मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वाकडं झालेलं मनगट म्हणजे निखळलेला सांधा, असंच बहुतेक जण धरून चालत. १८१४ मध्ये डब्लिनच्या एका शल्यचिकित्सकाने इथे हाडच मोडलेलं असतं असं ठामपणे लिहिलं. एक्स-रे यायला तेव्हा आणखी ऐंशी वर्षं होती. त्याचं नाव अजूनही केसपेपरवर येतं: कोलीज. हाड नीट बसलं नाही तर वाकडेपणा जन्मभर राहतो, पण कालांतराने हात मोकळा होतो आणि दुखणंही जातं, असंही त्याने लिहून ठेवलं. प्लास्टरच्या बाजूचे लोक हे वाक्य अजून पुढे करतात.

त्यानंतर १८५० च्या दशकात प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी, १८९५ मध्ये एक्स-रे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला के-वायर, म्हणजे मोडलेले तुकडे धरून ठेवायला हाडात घालायची बारीक तार. पुढची कित्येक दशकं बहुतेक रुग्णांचं एवढ्यावरच निभावलं. बाहेरून पिना आणि दांडी लावून हाड ताणून धरायची पद्धत मध्येच रुळली. ताण दिला की हाडाला हाड जोडणारे सांध्याचे बंध तुकड्यांना जागेवर ओढतात, यावर ती उभी आहे. पंजाच्या पाठीकडून प्लेटही लावून पाहिली. पण तिथे बोटं सरळ करणाऱ्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) हाडाला अगदी लगटून जातात. प्लेट त्यांना घासायची आणि पुष्कळदा ती काढायला दुसरं ऑपरेशन लागायचं.

२००० च्या सुमारास तळहाताच्या बाजूने बसवायची लॉकिंग प्लेट आली आणि चित्र पालटलं. या प्लेटमध्ये स्क्रूचं डोकंच आट्यांनी प्लेटमध्ये घट्ट बसतं, म्हणून हाड ठिसूळ असलं तरी पकड सुटत नाही. म्हातारपणातल्या फ्रॅक्चरसाठी हे मोठंच पाऊल होतं. आणि ती कुणाला बसवायची हे सांगणारा आकडा तर आधीपासून तयार होता: २ मिलिमीटर.

हा आकडा आला १९८६ च्या एका अमेरिकी शोधनिबंधातून. रुग्ण तरुण होते, सरासरी वय तिशीच्या आत. सांध्यात शिरलेली ४३ फ्रॅक्चर काही वर्षांनी पुन्हा तपासली गेली. सांध्याच्या पृष्ठभागावर पायरी, म्हणजे तुकडे खालीवर बसून उंचसखलपणा, राहिलेल्यांपैकी बहुतेकांच्या एक्स-रेवर झीज दिसली, आणि पायरी २ मिमी किंवा जास्त असलेल्या सगळ्यांच्याच. निष्कर्ष पटण्याजोगा होता, आकडा पाठ होण्याजोगा. तो पाठ्यपुस्तकात गेला, तोंडी परीक्षेत विचारला जाऊ लागला, आणि बघता बघता ‘दोनच्या वर म्हणजे ऑपरेशन’ हा जवळजवळ नियमच होऊन बसला.

पण झीज दिसली होती ती फिल्मवर. त्याच रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा हात चांगला किंवा उत्तम चालत होता, हेही तिथेच नोंदवलेलं आहे, फक्त ते कुणी पाठ केलं नाही. अभ्यास तरुणांचा होता, नियम मात्र सत्तरीच्या आजींनाही लागला. शिवाय ही पायरी मोजायची साध्या एक्स-रेवर. हात जरासा कलता ठेवला की ती वाढते किंवा दिसेनाशी होते. एकच फिल्म दोन अनुभवी डॉक्टरांना दिली तर एक जण १ म्हणेल, दुसरा ३. २००९ मध्ये मूळ लेखकांपैकीच एकाने जुन्या अभ्यासाची पुन्हा झडती घेतली आणि त्यातल्या उणिवा छापून मांडल्या. आकडा तरीही हलला नाही. तो टिकलाय तो पुराव्यापेक्षा सोयीमुळे, असं मला वाटतं: नातेवाइकांना फिल्मवर बोट ठेवून दाखवता येतो.

मोठ्या चाचण्यांचे निकाल यायला २०१० नंतरचा काळ उजाडला. २०११ मध्ये ऑस्ट्रियात पासष्टीपुढच्या ७३ रुग्णांमध्ये प्लेट आणि प्लास्टरची तुलना झाली. वर्षाअखेरीस हालचालीत आणि दुखण्यात फरक नव्हता. प्लेटवाल्यांची मूठ अधिक घट्ट, एक्स-रे देखणा, गुंतागुंतही जास्त. ब्रिटनमध्ये २०१४ साली ४६१ रुग्णांत प्लेट आणि के-वायर समोरासमोर आल्या. वर्षभराने हात सारखेच, तार मात्र स्वस्त. २०२२ मध्ये तिथेच ५०० रुग्णांत तार आणि नीट दाबून घडवलेलं प्लास्टर यांची तुलना झाली. पुन्हा वर्षअखेरीचा निकाल सारखा, पण प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठातल्या एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि ऑपरेशन करावं लागलं. ब्रिटनच्या दोन्ही चाचण्यांत बाहेरून ओढून हाड बसवता येईल असेच रुग्ण होते, हे सांगायचं पुष्कळदा राहून जातं.

प्लेटचा खरा फायदा पहिल्या काही आठवड्यांतला. हात लवकर मोकळा होतो, आणि रिक्षा चालवणाऱ्याला किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला वर्षाअखेरीपेक्षा तेच आठवडे जड जातात. तोटा कधी कधी उशिरा कळतो. प्लेट जरा जास्तच पुढे, सांध्याच्या कडेला बसली तर अंगठ्याची कंडरा तिच्यावर रोज घासत राहते, आणि काही महिन्यांनी एक दिवस अंगठ्याचं टोक वाकेनासंच होतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट निर्णयात शिरते: प्लास्टर ओपीडीत होतं आणि आरोग्यविमा सहसा ओपीडीचा खर्च देत नाही. ऑपरेशनचा देतो.

स्कॅफॉइडच्या, म्हणजे मनगटातल्या अंगठ्याकडच्या छोट्या हाडाच्या, फ्रॅक्चरची गोष्ट याच वळणाने गेली. त्या हाडाला रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाने शिरतो, म्हणून मध्ये मोडलं तर मागचा तुकडा उपाशी राहतो. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातून बिनडोक्याचा स्क्रू आला. दोन टोकांच्या आट्यांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे पिळताना दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढले जातात. तो इतका सोयीचा ठरला की न सरकलेल्या हाडातही सर्रास जाऊ लागला. २०२० च्या ब्रिटिश चाचणीत ४३९ प्रौढांचा निकाल आला: २ मिमीपर्यंत सरकलेल्या हाडाला आधी प्लास्टर पुरतं, न जुळल्यास मात्र लगेच स्क्रू. मर्यादा इथेही दोनचीच.

निखळण्याबाबत असा वाद नाही. लुनेट या मनगटाच्या मधोमध असलेल्या छोट्या हाडाभोवतीचा सांधा निखळला की नुसत्या प्लास्टरवर तो जागेवर टिकत नाही, हे बहुतेकांना मान्य आहे. घोटाळा होतो निदानात. १९९३ च्या एका बहुकेंद्री अभ्यासात अशा १६६ रुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याचं निदान सुरुवातीला हुकलं होतं. समोरून काढलेल्या फिल्मवर दुखापत सहज नजरेतून सुटते. बाजूने काढली तर लुनेट तळहाताकडे कललेलं किंवा बाकीची हाडं मागे सरकलेली दिसतात. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत बधिरपणा असेल तर नस दाबली गेली आहे असं समजायचं. पहिल्या काही दिवसांत आलेल्या रुग्णाचं हाड बसवून, बंध शिवून तारा घालता येतात. मुका मार समजून काही महिने तेल चोळून आलेल्याचं पुष्कळदा बसत नाही, आणि मग मनगटातल्या हाडांची एक अख्खी रांग काढणं किंवा सांधा कायमचा जोडून टाकणं, एवढेच पर्याय उरतात.